घराचं काम काढलंय

"मान वळव की जरा," बाळगोंडा म्हणाला. "सगळं धड फिरवून बघालायस. उसाची ट्रॉली वळवल्यागत."

मी चहाची बशी टेबलावर ठेवली आणि हसलो. हसताना मानेच्या डाव्या बाजूनं खांद्यात कळ गेली. ती तोंडावर दिसू नये म्हणून मी बशी परत उचलली.

"झोपेत आखडलीय," मी म्हणालो.

"झोपेत आखडलेली मान दोन दिवसांत सुटती," हारुण म्हणाला. "ही कधीची तशीच हाय. निर्गुडीचा पाला उकळ, त्याच्या वाफेवर धर, आणि वरनं गरम वाळूची पुरचुंडी फिरव."

हारुण मुल्ला सरकारी दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून निवृत्त झालेला. कुणाचं काही दुखलं की त्याच्या अंगात उत्साह यायचा.

"निर्गुडी, वाळू. त्याला काय बाळंत करायचंय?" बाळगोंडा म्हणाला. "उशी फेकून दे रावश्या, आणि फरशीवर झोप. माझी मान तशीच बरी झाली."

"तुझी मान फरशीनं नाही बरी झाली. त्या आठवड्यात तुझा मोबाईल बिघडला होता," हारुण म्हणाला.

हॉटेलचा मालकसुद्धा गल्ल्यामागं हसला. जयसिंगपुरात स्टेशन रोडवर आम्ही तिघं रोज सकाळी फिरून आलो की तिथं बसायचो. तरुणपणी एकाच संघातून कबड्डी खेळलेलो. बाळगोंडा पाटलाचं फरशी आणि नळ-बेसिनचं दुकान होतं. मी रावसाहेब मगदूम, हायस्कुलात खेळाचा शिक्षक, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. या दोघांसाठी रावश्या, बाकी गावासाठी मगदूम सर. हाताबाहेर गेलेल्या पोरांचे आईबाप पोराला धरून माझ्याकडं यायचे. मी नुसता समोर उभा राहिलो तरी पोरगं खाली बघायला लागायचं. ही गोष्ट घडली त्याला आता बारा वर्षं झाली.

"घराचं काम काढलंय ना ह्यानं," हारुण म्हणाला. "सिमेंटची पोती उचलली असतील. अजून स्वतःला पोरगा समजतोय."

घराच्या कामाचं नाव निघताच बाळगोंडाचं तोंड उतरलं. ते निघणार हे मला माहीत होतं.

"त्या कामाबद्दल माझ्यासमोर बोलू नका," तो म्हणाला. "जन्म गेला माझा फरशीच्या दुकानात. आणि हा गडी बेसिन आणतोय कुठनं, तर सांगलीतनं. रिक्षात घालून."

"कुणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"रिक्षावाल्यानं."

"सांगलीला काम होतं. तिथं दिसलं, घेतलं."

"रंग कुठला?"

"पांढरा."

"पांढरं बेसिन माझ्याकडं नसतंय? गुलाबी, निळं काही घेतलं असतंस तर म्हटलं असतं, बरं, आपल्याकडं नव्हतं."

"तुझ्याकडनं घेऊन काय करायचं?" हारुण माझ्या मदतीला आला. "तुझ्या स्वतःच्या न्हाणीघरात चार भिंतींना चार प्रकारच्या फरश्या हायत. सगळा उरलेला माल. अंघोळीला गेलं की दुकानाचा कॅटलॉग चाळल्यागत वाटतंय."

"आणि तुझा ओटा? गवंड्यानं एवढा उंच करून ठेवलाय की वहिनी पाटावर उभ्या राहून भाकऱ्या थापत्यात."

"तो गवंडी तूच दिला होतास."

मी मनापासून हसलो. त्या अर्ध्या तासात मला घर विसरता यायचं, त्यासाठी तर मी जात होतो. मान दुखत होती तरी एक दिवस चुकवला नव्हता.

"ते काही नाही," बाळगोंडा उठता उठता म्हणाला. "आज दुपारी येतो बघायला. बेसिन सांगलीचं असू दे, फरश्या तरी माझ्याकडनं घेशील."

"नको. सगळी धूळ झालीय घरात."

"मला धुळीची भीती घालतोयस?"

"गवंडी वैतागतोय कुणी मध्ये आलं की."

"कोण गवंडी? सगळे ओळखतात मला."

मला नाव सुचेना. "कुरुंदवाडचा हाय एक," मी म्हणालो आणि चप्पल शोधायला लागलो.

घरी आल्यावर सुलोचनाला हळूच सांगितलं की बाळगोंडा कदाचित येईल. ती तांदूळ निवडत होती.

"नको म्हणायचं की."

"म्हटलं."

"मग?"

"ऐकणारा हाय का तो?"

तिनं सम्मेदच्या खोलीकडं बघितलं. दार बंद होतं. आम्ही नवराबायको त्या घरात कितीतरी महिने असंच बोलत होतो, पलीकडं कुणी आजारी माणूस झोपलंय अशा आवाजात. सम्मेद आमचा एकुलता एक मुलगा. पदवी झाल्यावर पुण्याला स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला गेला, तिथं बरीच वर्षं राहिला, आणि आदल्या वर्षी सगळं सामान घेऊन परत आला. आता घरीच अभ्यास करतो, असं आम्ही विचारेल त्याला सांगत होतो.

दुपारी बेल वाजली. बाळगोंडाच्या हातात मोजायची टेप आणि नमुन्याच्या दोन फरश्या होत्या. त्याच्यामागं हारुण, एका हातात तेलाची बाटली आणि दुसऱ्या हातात खरोखरच निर्गुडीच्या डहाळ्या.

मी दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिलो. "झोपलेत रे सगळे," मी म्हणालो.

"मग आम्ही काय नाचणार हाय?" म्हणत बाळगोंडानं चपला काढल्या आणि माझ्या हाताखालून वाकून आत आला. कबड्डीत तो असाच निसटायचा.

आत आल्यावर मात्र त्याचं बोलणं थांबलं. घरात वाळू नव्हती, सिमेंट नव्हतं, घमेलं नव्हतं. टीव्हीच्या स्टँडवर टीव्ही नव्हता. भिंतीवर जिथं आरसा होता तिथं रंगाचा उजळ चौकोन उरला होता. मधल्या बोळात पांढरं नवं बेसिन होतं आणि त्याच्या भोवतीच्या फरश्या तडकलेल्या होत्या. न्हाणीघराच्या दाराची खालची फळी गेलेली, तिथं मी पुठ्ठा ठोकला होता.

बाळगोंडानं सवयीनं टेप ओढली, थोडा वेळ ती तशीच धरली, मग सोडून दिली. ती सर्रकन आत गेली.

"गवंडी कुठाय?" त्यानं विचारलं.

"जेवायला गेलाय," मी म्हणालो.

"आज आलाच नाही," सुलोचना स्वयंपाकघराच्या दारातून त्याच क्षणी म्हणाली.

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. बाळगोंडानं जमिनीकडं बघितलं. तळहातानं तोंड झाकून घ्यावं असं मला वाटलं, पण हात वर गेला नाही.

हारुणनंच मग बोळातली खुर्ची ओढली. "जाऊ दे ते काम. बस इथं. तेल लावतो. वहिनी, एवढा पाला उकळायला ठेवा."

मी बसलो. त्यानं माझ्या सदऱ्याची वरची बटणं सोडली, कॉलर मागं केली आणि बोटं मानेवर ठेवली. मग ती बोटं थांबली. मानेच्या खालीच, खांद्यावर रक्त साकळल्याची खूण होती. काळीनिळी होती ती आता पिवळट झालेली. झोपेत मान आखडली तर तशी खूण उठत नाही, हे कंपाउंडरला सांगायची गरज नव्हती. त्यानं कॉलर परत थोडी वर घेतली, बाळगोंडाला दिसू नये एवढी, आणि हलक्या हातानं तेल लावायला सुरुवात केली.

तेवढ्यात सम्मेदच्या खोलीचं दार उघडलं.

दाढी वाढलेली, अंग उतरलेलं, अंगात उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. त्याला बघून बाळगोंडा दचकला. लहानपणी याच पोराला त्यानं खांद्यावरून जत्रेत फिरवलं होतं.

"सम्मेद, ओळखलं का?" तो म्हणाला.

"हो काका." आवाज शांत होता. "पाणी प्यायला आलो."

बेसिनच्या वर भिंतीला फळी होती, त्यावर पेले पालथे घातलेले असायचे. माझी खुर्ची बरोबर त्या फळीखाली होती. सम्मेद माझ्या बाजूनं आला, आणि पेला घ्यायला त्यानं हात वर केला.

त्यानंतर मी काय केलं ते मी ठरवून केलं नाही. मी खुर्चीवरून खाली गेलो. एक गुडघा फरशीवर, पाठ भिंतीला, दोन्ही हात डोक्यावर. तेलाची बाटली कोपर लागून पडली. आणि माझ्या तोंडातून शब्द गेले, फार मोठ्यानं नाही.

"नको. नको रे, सम्मेद."

कुणी हललं नाही. तेल फरशीवरून बेसिनच्या पायापर्यंत गेलं. मी हात खाली घेतले तेव्हा समोर बाळगोंडा होता, हारुण होता, आणि हातात रिकामा पेला धरलेला माझा मुलगा. त्याच्या तोंडाकडं बघवेना. राग नव्हता त्यावर. त्यानं मला तसं बसलेलं आजवर पाहिलंच नव्हतं असं वाटलं, आणि तेही खरं असेल. जेव्हा त्याचा हात उठायचा तेव्हा त्याला मी कुठं दिसत होतो.

"काका," तो हारुणला म्हणाला, "मी फक्त पाणी घेत होतो."

"माहीत हाय बाळा," हारुण म्हणाला.

"फक्त पाणी घेत होतो मी."

त्यानं पेला बेसिनच्या कडेवर ठेवला, खोलीत गेला. आतून कडी लागली.

"चक्कर आली मला," मी म्हणालो. "मानेमुळं येती अधनंमधनं."

हारुणनं मला काखेत हात घालून उठवलं आणि खुर्चीवर बसवलं. सुलोचना कपडा घेऊन तेल पुसायला आली, खाली बसली, आणि पुसता पुसता बोलायला लागली. वर न बघता.

"इथल्या जुन्या बेसिनवर पडले हे. त्यानं ढकललं. मी त्याला एवढंच म्हटलं होतं की एका शाळेत जागा निघालीय, अर्ज कर. हे मध्ये पडले. बेसिन खाली आलं आणि यांची मान..."

"सुलोचना, गप बस."

"आरसा त्याच्या आधी फुटला. टीव्ही दिवाळीनंतर. दार फोडलं तेव्हा हे आत होते. कडी लावून आत बसले होते."

"गप बस म्हटलं ना."

"किती गप बसू?" तिनं कपडा पिळला. "मीपण सांगतेय शेजारी, घराचं काम काढलंय. कसलं काम काढलंय आम्ही?"

माराचं मला तेवढं वाटलं नाही. पण मगदूम सर न्हाणीघरात कडी लावून बसले होते, हे तिनं या दोघांसमोर सांगितलं, आणि मला त्या खुर्चीवर बसवेना. यांनी मला मैदानात पाहिलं होतं. माझ्या पकडीतून कुणी सुटत नाही अशी त्या काळी ख्याती होती, आणि अजूनही गावात कुणी नवा भेटला की बाळगोंडा तेच सांगायचा.

बाळगोंडा नमुन्याच्या फरश्या छातीशी धरून उभा होता. त्याचे डोळे भरले होते.

"मला वाटलं, तुला माझ्या दुकानातनं घ्यायचं नव्हतं," तो म्हणाला. "घरी जाऊन बायकोसमोर तुला शिव्या दिल्या मी."

मी सदऱ्याची बटणं लावायला लागलो.

"आम्हाला सांगायचं होतंस रावश्या. दोघांपैकी एकाला तरी."

"काय सांगायचं होतं?"

"जे असंल ते."

"पोरगं मारतंय म्हणून सांगू?" मी म्हणालो. "चहा पिता पिता? पोटचं पोरगं मला मारतंय?"

ते शब्द मी त्या दिवसापर्यंत मनातल्या मनातही उच्चारले नव्हते. आता ते सगळ्या घरात ऐकू गेले. बंद दारापलीकडंही गेले असणार. सुलोचनानं कपडा तिथंच टाकला आणि ती आत निघून गेली.

हारुण उठला. बेसिनच्या कडेवरचा पेला त्यानं घेतला, माठातलं पाणी भरलं, आणि सम्मेदच्या दारासमोर जमिनीवर मांडी घालून बसला. दारावर टकटक केली.

"सम्मेद, पाणी प्यायचं राहिलंय तुझं. मी बसलोय इथं. घाई नाही."

आतून काही आवाज नाही. हारुणनं परत दार वाजवलं नाही. तो भिंतीला टेकून नुसता बसून राहिला. बाळगोंडा माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसला आणि त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो काढायला लावला नाही. स्वयंपाकघरात निर्गुडी उकळून तिचा कडवट वास घरभर झाला, आणि ती उतरवायचं कुणाला सुचलं नाही.

ऊन अंगणातून सरकलं तेव्हा दाराची कडी निघाली. हारुण पेला घेऊन आत गेला. बाहेर आला तेव्हा पेला रिकामा होता.

"महिनोन्‌महिने पोराला झोप नाही," तो मला म्हणाला. "डोक्यात सारखं काहीतरी चालू असतंय म्हणतोय, बंद होत नाही. मिरजेत मनाच्या आजाराचा डॉक्टर हाय एक, माझ्या ओळखीचा. मी येतो बरोबर. सम्मेद पण येतो म्हणालाय."

"तो हो म्हणाला?"

"त्यानंच विचारलं, असा डॉक्टर असतोय का म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात गेलो. हारुणनं विचारलं, "मान कशी हाय?" नुसतं तेवढंच, दवाखान्यात रोग्याला विचारावं तसं. बाळगोंडानं माझा चहा माझ्यापुढं सरकवला. फरशीचा विषय नाही, ओट्याचा नाही. ते दोघं इतकं जपून बोलत होते की मला तिथं बसणं नको झालं. ट्रॉली म्हणा, बाळंतीण म्हणा, काहीही म्हणा, असं सांगावंसं वाटत होतं. चहा अर्धा टाकून मी उठलो आणि नंतर बरेच दिवस त्या रस्त्याला गेलो नाही.

पुढं सगळं सरळ झालं असं नाही. सम्मेदची औषधं सुरू झाली, त्यानं ती एकदा मनानं बंद केली, आणि ते दिवस फार वाईट गेले. त्या वेळी हारुण आमच्या सोप्यात अंथरूण टाकून राहिला. आता सम्मेद बेळगावला असतो, एका कारखान्यात नोकरीला आहे. लग्न झालं. औषध घेतो. सणाला येतो तेव्हा आईला स्वयंपाकात मदत करतो, माझ्याशी उसाबद्दल, पावसाबद्दल बोलतो. आमच्यात वाईट काही उरलेलं नाही, असं लोक म्हणतात आणि ते बरोबर आहे.

पण मला आठवतो तो मिरजेचा पहिला दिवस. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला बाकं होती. हारुण आत नाव सांगायला गेला होता. सम्मेद आणि मी एका बाकावर शेजारी. पलीकडं एक बाई आपल्या म्हाताऱ्या सासूला संत्र्याच्या फोडी भरवत होती.

"पप्पा," सम्मेद म्हणाला. समोर बघत. "तुम्ही मला उलट का मारलं नाही?"

समोरच्या भिंतीलगतचं बाक रिकामं होतं, मी तिकडं बघितलं.

"तुमच्यात ताकद होती. मला एका हातानं दाबून ठेवलं असतं तुम्ही."

मनात उत्तरं तयार होती. तू माझा मुलगा आहेस. तू आजारी आहेस. आईकडं बघून सहन केलं. हा प्रश्न कधीतरी येणार म्हणून वाटेत बसमध्ये मी तीच जुळवत आलो होतो. पण त्या बाकावर ती तोंडातून निघेनात.

"आधी वाटायचं, मी हात टाकला तर तुला लागंल," मी म्हणालो. "खरंच तसं वाटायचं."

"आणि नंतर?"

"नंतर तुझी भीती वाटायला लागली."

शेजारच्या बाईनं ऐकलं असावं. संत्र्याची फोड धरलेला तिचा हात क्षणभर थांबला.

"अजून वाटती?" त्यानं विचारलं.

नाही म्हणायचं होतं मला. बाप होतो, एवढं खोटं बोलायचा मला हक्क होता, आणि त्याआधी त्याहून मोठं खोटं मी सगळ्या गावाला सांगत होतो. पण त्याच्या आवाजात असं काहीतरी होतं की त्याला खरंच कळून घ्यायचं होतं.

"हो," मी म्हणालो.

सम्मेद उठला. मला वाटलं, हा आता चालायला लागणार, आणि मी त्याच्यामागं पळूही शकणार नाही. तो दाराकडं गेला नाही. समोरच्या भिंतीलगतच्या बाकावर जाऊन तो माझ्याकडं तोंड करून बसला. दोन्ही हात त्यानं गुडघ्यांवर ठेवले, तळवे वर करून, मला नीट दिसतील असे. आमचा नंबर येईपर्यंत त्यानं ते तिथून हलवले नाहीत.